दाखवा मॅडम

जमादार मॅडमना नुसतं ‘नमस्कार’ म्हटलं तरी त्या आधी समोरच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि मग हात जोडायच्या. या माणसाला आज नमस्कार करावासा का वाटला असेल, हा प्रश्न त्यांच्या कपाळावर स्वच्छ दिसायचा. सवय नसलेला माणूस चपापायचा आणि आपलं खरंच काही चुकलंय का, ते आठवत बसायचा. बहुतेकांचं काहीतरी चुकलेलं असायचंच.

शिरोली एमआयडीसीत आमच्या ट्रान्सपोर्टचं यार्ड होतं. फाउंड्र्यांतून निघालेलं कास्टिंग पुण्याला, मुंबईच्या बंदरावर आणि खाली बेंगळुरूकडं पोचवायचा धंदा. गाड्या लोड करून बाहेर सोडायचं काम माझ्याकडं होतं. मालक सर्जेरावदादा. स्वतः ट्रक चालवत वर आलेला माणूस, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण नियम म्हटला की कपाळाला आठी. एका फाउंड्रीचा माल परदेशी जायला लागला आणि तिकडच्या गिऱ्हाइकानं अट घातली, की माल वाहणाऱ्या गाड्यासुद्धा नियमात पाहिजेत. ब्रेक, टायर, वेग अडवणारा स्पीड गव्हर्नर, ड्रायव्हरची झोप, त्याचे डोळे, सगळं बघणारा एक जबाबदार माणूस नेमा, म्हणाले. दादांना खरं तर पाटीवर लिहायला एक नाव हवं होतं. कुणीतरी शहनाज जमादार हे नाव सुचवलं. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा झालेला, विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासायचं काम केलेलं. बाई आहे, सांगू तिथं सही करील, असा दादांचा अंदाज.

त्या यायच्या दिवशी दादांनी सगळ्या गाड्या धुऊन ओळीत उभ्या केल्या होत्या. मॅडम पेठ वडगावहून स्कूटरवर आल्या. पन्नाशीकडं झुकलेल्या, अंगानं बारीक, हेल्मेटखाली ओढणी घट्ट बांधलेली आणि पायात कामगार घालतात तसले जाड बूट. हेल्मेट काखेत मारून त्या सरळ ओळीतून चालायला लागल्या. दादा शेजारून सांगत होते, “सगळं टकाटक हाय मॅडम. पासिंग, परमिट, इन्शुरन्स. आग इझवायचं सिलिंडरसुद्धा परत्येक गाडीत हाय.”

“सांगू नका,” मॅडम म्हणाल्या, “दाखवा.”

पहिल्या केबिनमधून लाल सिलिंडर निघाला. काटा हिरव्यावर, वर तपासणीचं स्टिकर. मॅडमनी पिन ओढली आणि दाबलं. फुस्स. धुरळासुद्धा उडाला नाही. दुसऱ्याचंही तेच. तिसरा तर आतून पार रिकामा होता, तरी काटा हिरव्यावरच, कारण कुणीतरी तो चिकटवूनच टाकला होता. मग त्यांनी प्रथमोपचाराच्या पेट्या मागितल्या. एकीत फणी आणि आरसा निघाला, एकीत तंबाखू, एकीत लोणच्याची बाटली. ड्रायव्हर लोक खिदळायला लागले.

“हसा की,” मॅडम म्हणाल्या. “केबिनला आग लागल्यावर पण असंच हसायचं. त्यावेळी लोणचं हुडका, भाकरीसंगट खायला.”

हसू थांबलं. दादांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. सही करणारी बाई आणायला गेलो आणि हे काय घरात आणलं, असा.

तेव्हापासून यार्डात त्यांचं नाव ‘दाखवा मॅडम’ पडलं. त्यांना ते कळलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच, “ऐका मॅडम म्हणण्यापेक्षा बरं हाय.”

बोलायच्या अस्सल कोल्हापुरी. इकडच्या बायका म्हणतात तसं ‘मी जातो’, ‘मी बघतो’. ड्रायव्हरनं टायरचा फोटो मोबाईलवर पाठवला तर तो जुना असणार हे त्या धरूनच चालायच्या. म्हणून रोज सकाळी त्या एक खूण सांगायच्या. आज टायरवर केळीचं साल ठेवून फोटो काढा, आज डावी चप्पल ठेवा, आज बिस्किटाचा पुडा. साताऱ्याच्या पुढं कुठंतरी ढाब्यावर आमचा एखादा ड्रायव्हर चाकावर चप्पल ठेवून फोटो काढत उभा आहे आणि बाकीचे त्याच्याकडं बघतायत, हे चित्र मला अजून दिसतं. ड्रायव्हर शिव्या घालायचे, पण फोटो पाठवायचे.

“झोप झाली काय?” असं त्या कुणाला विचारत नव्हत्या. गाडी यार्डात आली की बॉनेटवर तळहात ठेवायच्या. ड्रायव्हर म्हणायचा, पहाटेच आलोय, गाडी लावून मस्त झोपलोय. बॉनेट हाताला चटका देत असायचं. “तू झोपला असशील,” मॅडम म्हणायच्या, “पर गाडी जागी हाय अजून. दोघं संगट झोपा आता.” आणि चावी काढून घ्यायच्या. त्या गाडीची फेरी मग मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागायची.

स्वतःपुरतं म्हणाल तर त्या यार्डातला चहा प्यायच्या नाहीत, घरून थर्मास आणायच्या. कुणी पेढे वाटले तर पेढा घेण्याआधी “कशाचे?” म्हणून विचारायच्या आणि उत्तर पटलं तरच खायच्या. आणि त्यांच्याजवळ नेहमी एक कापडी पिशवी असायची. गाडीचा जुना, काढून टाकलेला पार्ट दिसला की त्या पिशवीत. संध्याकाळी ती पिशवी स्कूटरच्या पायाशी ठेवून घरी.

या पिशवीवरून यार्डात काय काय बोलणं चालायचं! ड्रायव्हरांचं मत, ती दादांची हेर आहे. दादांचं मत, ती फाउंड्रीची हेर आहे, आमचे दोष गोळा करून तिकडं नेते. दादांचा मेव्हणा प्रताप आमच्या स्टोअरचा आणि खरेदीचा प्रमुख. त्याचं मत, बाईचं कुठल्यातरी पार्टच्या दुकानदाराशी साटंलोटं आहे, म्हणून तर ऊठसूट हे बदला, ते बदला. मला यातलं प्रत्येक मत ऐकताना खरं वाटायचं. वातावरणच तसं झालं होतं. कुणी मोबाईलवर हळू बोलायला लागला तरी बाकीचे कान टवकारायचे.

एकदा दादांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “बाईवर जरा ध्यान ठेवा. कुठं जाती, कुणाला फोन करती.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम थर्मासचं झाकण लावत मला म्हणाल्या, “दादांनी नजर ठेवायला सांगितलीय न्हवं?”

“तसं काय न्हाय, मॅडम.”

“कालपतोर तुम्ही माझ्या टेबलाकडं बघत न्हवता. आज सकाळधरनं बघायलाय. ठेवा की नजर, माझं काय म्हणणं न्हाय. पर ठेवायची तर पुरी ठेवा. अर्धी ठेवली की माणूस मनानं रचाय लागतंय.”

त्यानंतर नजर ठेवण्यात काही अर्थच राहिला नाही.

आमच्यात सगळ्यात जुने ड्रायव्हर पांडूतात्या. दादा स्वतः गाडी चालवायचे तेव्हापासूनचे सोबती. तात्यांच्या हातून कधी कुणाला ओरखडाही आला नव्हता आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. सगळ्या ड्रायव्हरांचे डोळे चांगले असल्याचे दाखले ऑफिसात होते. मॅडमनी ते टेबलावर पसरून बघितले. एकच डॉक्टर, एकच पेन, सगळ्यांची नजर सारखीच उत्तम. त्यांनी एकेकाला बोलावून तपासायला सुरुवात केली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला नाही, कारण तक्ता पाठ होतो. त्या माणसाला गेटवर उभा करायच्या आणि रस्त्यापलीकडच्या गाडीचा नंबर विचारायच्या.

तात्यांची पाळी आली. पलीकडं एक ट्रक उभा होता.

“कर्नाटकची गाडी हाय,” तात्या म्हणाले. बॉडीच्या घडणीवरून ओळखलं असणार.

“बरोबर. नंबर सांगा.”

तात्यांनी डोळे बारीक केले. मग म्हणाले, “नंबराला काय करायचंय, मॅडम? मला रस्ता दिसतोय की.”

“दिसत न्हाय तात्या. पाठ हाय तुम्हाला.”

गेटवर ड्रायव्हरांचा घोळका होता. तात्या कुणाकडं न बघता आत आले आणि टायरच्या ढिगावर बसले. तो माणूस एवढा म्हातारा आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मॅडमनी त्यांची गाडी बंद केली. मोतीबिंदू काढा, मग या. दादांनी रदबदली केली, बाकीच्या ड्रायव्हरांनी मॅडमशी बोलणं टाकलं, कुणीतरी त्यांच्या स्कूटरची हवा सोडली. मॅडमनी यार्डातल्या कॉम्प्रेसरवर स्वतः हवा भरली आणि जाताना एवढंच म्हणाल्या, “व्हॉल्वची टोपी तरी परत लावायची. काम अर्धं करू नये.”

ऑपरेशन झाल्यावर तात्या आले. काळा चष्मा काढून मॅडमकडं बराच वेळ बघत राहिले.

“मॅडम, तुमच्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या हाईत व्हय? मला म्हाईतच न्हवतं.”

“तुमच्यासारख्यांनीच दिल्यात,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांना परत गेटवर नेऊन नंबर वाचायला लावला. तात्यांनी नंबर तर वाचलाच, वर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं गॅरेजचं नावही वाचलं. मग आपल्या गाडीची चावी घेतली.

मी एकदा धीर करून त्यांना विचारलं होतं, की एवढा अविश्वास येतो कुठून? वजनकाट्यावर गाडीची वाट बघत आम्ही दोघं उभे होतो.

“इमा कंपनीत शिकलो,” त्या म्हणाल्या. “दरीत पडलेली गाडी बघाय जायाचो. मालक सांगायचा, ड्रायव्हर पेलेला. ड्रायव्हरची बायकू सांगायची, माझा नवरा दारूला शिवत न्हाय. दोघं पण रडून सांगायचे. मग मी कुणाचंच ऐकायचो न्हाय. चाकं उतरवायचो. एकदा चाक काढलं तर आत ब्रेकचा लायनरच न्हाय, निस्तं लोखंड. बिचारा उताराला लोखंडावर लोखंड घासत गेलता. मी तसं लिवलं, त्याच्या बायकूला इमा मिळाला.” मग काट्याकडं बघत म्हणाल्या, “पर तो गेल्यावर लिवलं. हितं गाडी सुटायच्या आदी बघाय मिळतंय, म्हणून ही नोकरी धरली. न्हाय तर तुमच्या दादांच्या शिव्या खायाची मला हौस हाय व्हय?”

त्या दिवसानंतर पिशवीबद्दलचं माझं कुतूहल कमी झालं असं मात्र नाही. चांगलं बोलणारी माणसं मीही पुष्कळ बघितली होती.

मग तो लायनरचा प्रकार झाला. लायनर म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकातल्या ड्रमला घासणारी, गाडी धरून ठेवणारी पट्टी. दिलीप नावाचा ड्रायव्हर बंदराकडं कास्टिंग घेऊन निघाला होता. सकाळी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक धरेना झाला, चाकातून धूर निघाला, गिअरवर गाडी अडवत अडवत त्यानं ती डोंगराच्या बाजूला घासून थांबवली होती. पुढं शाळेच्या सहलीची बस होती, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

गाडी ओढून यार्डात आणली. मॅडमनी चाक उतरवायला लावलं. आतले लायनर काळेठिक्कर पडलेले, चिरा गेलेले, बोटानं दाबले की भुगा पडत होता. आणि ते पंधरवड्यापूर्वीच नवीन बसवले होते. बसवले होते शिवा लोहारनं.

शिवा आमचा मिस्त्री. कमी बोलणारा, मान खाली घालून काम करणारा. दुपारची वेळ होती आणि त्याची मुलगी अश्विनी डबा घेऊन आली होती. दहावीतली पोर, गणवेशातच होती.

“शिवा,” मॅडम म्हणाल्या, “नवीन लायनर कुठं हाईत?”

“हेच की ते.”

“पंधरा दिवसात लायनरचा कोळसा हुतोय? मागच्या आठवड्यात तुझ्या मोटारसायकलला लायनरचा खोका बांधलेला मी बघितलाय. वरिजनल कुणाला इकलास?”

सगळं यार्ड थांबलं. शिवानं मॅडमकडं बघितलं, मग मुलीकडं. हातातला पान्हा त्यानं अलगद खाली ठेवला, चिंधीला हात पुसले, मुलीच्या हातातला डबा घेतला आणि तिला घेऊन गेटबाहेर चालता झाला. प्रताप मागून म्हणाला, “न बोलता गेला म्हंजे कबूलच की.” आम्हाला सगळ्यांना तेच वाटलं. मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर मॅडम आधीच येऊन शिवाच्या टेबलासमोर उभ्या होत्या. भिंतीवर त्याचे पान्हे मापाप्रमाणं टांगलेले, खाली त्याची हत्यारांची पेटी, स्वतःच्या पैशानं जमवलेली.

“हत्यारं ठिऊन गेलाय,” त्या म्हणाल्या. “माल इकणारा मिस्त्री आदी हत्यारं उचलून जातोय. ह्यो काय चोर न्हाय.” आवाज नेहमीचा नव्हता. “मग चोर कोन?”

त्यांनी स्टोअरमधून लायनरचा एक सीलबंद खोका मागितला. प्रतापनं कुरकुर केली. मॅडमनी खोका उघडला नाही, तसाच पिशवीत घातला. मग शहरातल्या कंपनीच्या दुकानातून तसलाच एक स्वतःच्या पैशानं विकत घेतला. त्या रात्री पेठ वडगावात त्यांच्या गल्लीत एवढा जळका वास सुटला म्हणे, की शेजारी दार वाजवून गेले. बाईंनी दोन्ही खोक्यांतले लायनर घरच्या गॅसवर आलटून पालटून तापवले होते. पिशवीतले जुने पार्टही त्या घरी नेऊन असेच तपासायच्या, हे तेव्हा कळलं. दुकानातला तापून तसाच राहिला. आमच्या स्टोअरमधला धूर सोडून तडकला आणि हातात घेतल्यावर त्याचे तुकडे पडले. सीलबंद खोक्यातला माल. म्हणजे शिवानं बदललेलं काहीच नव्हतं. नकली माल नकली खोक्यातूनच येत होता, आणि खरेदी प्रतापची.

दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात सहा गाड्या लोड होऊन उभ्या होत्या. बंदरावर जहाजाची वेळ ठरलेली. सगळ्या गाड्यांना तेच लायनर. मॅडमनी सगळ्यांच्या चाव्या काढून घेतल्या आणि खुर्ची टाकून गेटात बसल्या. फाउंड्रीचे फोनवर फोन. दादा आले ते गाडीतून उतरायच्या आधीच ओरडत आले.

“मॅडम, चाव्या द्या! माझा धंदा बुडवायलाय तुम्ही. कुनाची सुपारी घेतलीय?”

मॅडमनी पिशवी उघडली, दोन्ही लायनर काढून दादांच्या हातात दिले आणि काय घडलं ते सांगितलं. प्रताप मध्येच ओरडला, “ह्यो लायनर हिनंच आणून खोक्यात घातला असंल! दुकानदाराचं कमिशन खाती ही!”

दादा एकदा मेव्हण्याकडं, एकदा बाईकडं बघत होते. कुणाचं खरं मानायचं हे त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिथं उभ्या असलेल्या कुणालाच येत नव्हतं. मग दादा ड्रायव्हरासारखं बोलले. एक चावी त्यांनी मॅडमकडून घेतली आणि प्रतापपुढं धरली.

“परताप, माल तू आणलास. चांगला हाय म्हणतोस. ह्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बस आणि घाट उतरून ये. मी सगळ्या गाड्या सोडतो.”

प्रताप हसला. “दादा, मला आज बँकेत...”

“बँक मी बघतो. तू बस.”

“मला बीपी हाय दादा, तुम्हाला म्हाईत हाय.”

“अरे निस्तं बसायचंय!” दादांचा आवाज फाटला. “दिलीप बसलाच होता की! त्याला बीपी न्हवती व्हय?”

प्रताप जागचा हलला नाही. दादांनी चावी मॅडमना परत दिली आणि टायरच्या ढिगावर जाऊन बसले. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाले, “बदला सगळ्यांचे लायनर. दुकानातनं आणा. बिल मला पाठवा.”

जहाज चुकलं. फाउंड्रीनं बोल लावले. काम मात्र गेलं नाही, कारण मॅडम दोन्ही लायनर घेऊन स्वतः फाउंड्रीत गेल्या आणि काही न लपवता त्यांच्या टेबलावर ठेवून आल्या. तरी दादांच्या मनातला किडा पुरता मेला नव्हता. त्यांनी मला गुपचूप त्या दुकानदाराकडं पाठवलं, बाईचं तिथं काही देणंघेणं आहे का बघायला. दुकानदारानं कपाळाला हात लावला. “ती बाई? अहो, माझ्याच दुकानात उभं राहून तिनं माझ्याच मालावर संशय घेतला. खोक्यावरचा नंबर कंपनीला फोनवर वाचून दाखवला, मगच पैसे दिले. असलं गिऱ्हाईक परत पाठवू नका, पाया पडतो.”

हे दादांना सांगितलं तेव्हा ते बरेच दिवसांनी मोकळं हसले.

पण मॅडम हसत नव्हत्या. शिवाचं घर कुणाला माहीत आहे, म्हणून त्यांनी विचारलं. तो तोवर इचलकरंजीत एका गॅरेजात लागला होता, सूत वाहणारे टेम्पो दुरुस्त करायला, आणि तिथंच खोली घेऊन राहत होता. एका रविवारी मॅडम, मी आणि त्याची हत्यारांची पेटी असे आम्ही दादांच्या जीपमधून गेलो. चारी बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट चाललेला. शिवानं दार उघडलं, पेटीकडं बघितलं, आम्हाला आत या म्हणाला नाही.

“माझं चुकलं, शिवा,” मॅडम म्हणाल्या. “माल खोक्यातच नकली होता. तुझा काय दोष न्हवता.”

“मला काय न्हाय त्याचं,” शिवा म्हणाला. “आमच्या धंद्यात आळ येतोयच. पर पोरीसमोर बोलला तुम्ही. तिला सांगा.”

अश्विनी आतून आली आणि बापाच्या मागं उभी राहिली. मॅडमनी ओढणी सारखी केली.

“बाळ, तुझा बाप चोर न्हाय. मी खोटं बोललो.”

पोरगी त्यांच्याकडं रोखून बघत होती. “तुम्ही तवा पण अशाच बोलत होता. खात्रीनं. मग आता खरं कशावरनं?”

शिवा तिला दटावणार, तेवढ्यात मॅडम तिथंच उंबऱ्यावर बसल्या. पिशवी उघडली आणि दोन्ही लायनर जमिनीवर मांडले. हा कुठला, तो कुठला, शिक्क्यात फरक काय, तापवल्यावर काय झालं, हे त्या पोरीला पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितलं. पोरीनं जळका तुकडा उचलला, नखानं खरवडला, वास घेतला.

“आणि खोका? त्या दिवशी गाडीला बांधलेला?” मॅडमनी विचारलं.

“रिकामा होता. विज्ञान प्रदर्शनाला मी मागितला होता,” अश्विनी म्हणाली. आत जाऊन तिनं पुठ्ठ्याची पवनचक्की आणून दाखवली. तिच्या एका बाजूला लायनरच्या कंपनीचं नाव अजून दिसत होतं. मॅडमनी त्या नावावरून बोट फिरवलं. मग शिवा म्हणाला, “आत या. चहा ठेवतो.” मॅडमनी कशाचा, कुठल्या दुधाचा, काही विचारलं नाही. बशीत ओतून घेतला आणि प्यायल्या.

शिवा यार्डात परत आला नाही. आणि थोड्याच महिन्यांत मॅडमही गेल्या. प्रतापला दादांनी ओळखीच्या एका पेट्रोल पंपावर बसवला होता, पण घरात दादांची बायको, म्हणजे प्रतापची बहीण, बोलेनाशी झाली होती. दादांनी मॅडमना आत बोलावलं. “तुमचं सगळं खरं निघालं मॅडम. पर खरं निघून माझं घर दोन ठिकाणी झालंय. रोज तुम्हाला बघितलं की तेच आठवतंय.” मॅडम म्हणाल्या, “दादा, एवढं खरं तुम्ही पहिल्यांदा बोललाय,” आणि हेल्मेट काखेत मारून बाहेर पडल्या. त्यांच्या जागी एक शिकलेला पोरगा आला. तो ड्रायव्हरांनी पाठवलेले फोटो बघतो आणि अंगठा पाठवतो. मी पण पुढं ती नोकरी सोडली.

अलीकडंच इचलकरंजीहून वडगावला जाणाऱ्या बसमध्ये बसलो होतो. दुपारची वेळ, उकाडा, गर्दी बेताची. दोन सीट पुढं खिडकीला डोकं टेकून एक बाई झोपली होती. पायात जाड बूट बघून मी ओळखलं. त्या आता शिवाच्या गॅरेजात जातात, असं तात्यांकडून ऐकलं होतं. शिवानं इचलकरंजीतच स्वतःचं गॅरेज काढलंय, आणि गाडी दुरुस्त झाली की मॅडमनी बघितल्याशिवाय तो ती कुणाला देत नाही.

ओढणी खांद्यावर घसरली होती. तोंड थोडं उघडं. हातांवर काळं ऑइल वाळलेलं. हातकणंगल्याजवळ ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, सगळे पुढं आदळले, कुणीतरी ड्रायव्हरला शिवी दिली. मॅडमनी डोळे उघडले. समोर ड्रायव्हरच्या पाठीकडं बघितलं, रस्त्यावर आडव्या आलेल्या उसाच्या ट्रॅक्टरकडं बघितलं. मी हाक मारणार होतो. तेवढ्यात त्यांनी डोकं परत काचेला टेकलं, पाय जरा लांब केले आणि गाढ झोपल्या. माझं उतरायचं ठिकाण आलं. बस पुढं निघाली तेव्हा खिडकीतून त्यांच्या कपाळाचा भाग तेवढा दिसला. त्यावर कुठलाही प्रश्न नव्हता.